शपथ ३१ मेची, बिडी १ जूनची

प्रश्न : मॅडम, मी ढेबेवाडी भागातल्या एका वाडीत आशा म्हणून काम करते. यंदा नववं वर्ष. दर ३१ मेला आमच्याकडं तंबाखूविरोधी दिन होतो. फलक घेऊन फेरी काढायची, उपकेंद्रासमोर शपथ घ्यायची, फोटो ग्रुपवर टाकायचा. यंदा पुढच्या रांगेत हात पुढं करून शपथ घेणारे तिघंजण दहा मिनिटांत समाजमंदिराच्या मागं बिडी पेटवून बसले होते. त्यातले एक आमचे मालक. वय ४१, कराड-ढेबेवाडी वडाप (सीटा भरल्या की सुटणारी गाडी) चालवतात. दिवसाला एक बंडल संपतं, कधी जास्त. गेल्या श्रावणात अकरा दिवस बंद केली होती, बाराव्या दिवशी पुन्हा सुरू. मी बोलले की म्हणतात, "आधी आईची मशेरी बंद कर, मग माझ्याकडं ये." सासूबाई तीस वर्षं मशेरी लावतात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या सरकारी कार्यक्रमानं खरंच कोण बिडी सोडतं का, की आम्ही नुसते फोटो काढतो? आणि मालकांचं काय करू? आता दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगायची मला लाज वाटते.
– एक आशा, पाटण तालुका

उत्तर : ताई, आधी त्या लाजेबद्दल बोलू. मी एकोणीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली. ओपीडीत बसून लोकांना बिडी सोडा म्हणायची आणि संध्याकाळी घरी आले की व्हरांड्यात वडिलांच्या बिडीचा वास. ते शेवटपर्यंत ओढत राहिले. पण त्यामुळं मी पेशंटला सांगत होते ते खोटं ठरलं नाही. उलट ज्या घरात बिडी आहे त्या घरच्या बाईला ती सुटणं किती अवघड आहे हे जास्त कळतं. तुमच्या बोलण्याला त्यामुळंच वजन आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. कार्यक्रमानं माणसं सोडतात का? सोडतात. पण ज्या भागाचा फोटो निघतो, त्या भागानं नाही.

शंभर माणसांनी आपल्या आपण, कुणाच्या मदतीशिवाय बिडी-सिगारेट सोडली आणि सहा महिने ते वर्षानं जाऊन बघितलं, तर त्यातली तीन ते पाच जणं टिकलेली दिसतात. बाकीचे परत सुरू करतात, बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच. डॉक्टरनं दोन-तीन मिनिटं नीट समजावून सांगितलं तर शंभरामागं आणखी एक ते तीन जणं वाढतात. निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी दिली तर टिकण्याचं प्रमाण साधारण दीडपट होतं. आणि औषधही दिलं, वर दर आठवड्याला कुणीतरी भेटून विचारपूस केली तर? इंग्लंडमध्ये १९९९-२००० पासून सरकारी दवाखान्यांनी अशीच सोय उभी केली. तिथं चार आठवड्यांनी निम्मे लोक सोडली म्हणून सांगायचे. वर्षानं, कुणी ओढतंय का हे श्वासावरून ओळखणाऱ्या फुंकर मारायच्या यंत्रावर तपासलं तेव्हा शंभरातले पंधराच्या आसपास खरोखर सुटलेले निघाले.

शंभरात पंधरा ऐकून तुमचा हिरमोड होईल. पण त्याच शंभरांना एकटं सोडलं तर तीन ते पाच, हे आठवा. तिथं येणारे मुळातच सोडायचं ठरवून आलेले असतात हे धरलं तरी फरक मोठा आहे. तुमच्या वाडीत चाळीस माणसं बिडी ओढत असतील तर हा फरक चार-पाच घरांचा आहे. एका वाडीत चार-पाच घरं म्हणजे आख्खी एक आळी.

आपल्याकडं राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला. २००९-१० च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३१.४ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, २०१६-१७ च्या पाहणीत ते २६.६ वर आले. याच दुसऱ्या पाहणीतला देशाचा एक आकडा मला फार बोलका वाटतो : ओढणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात सोडायचा प्रयत्न केला होता. पाकिटावरचं चित्र बघून सोडायचा विचार मनात आला असं सिगारेटवाल्यांपैकी सुमारे ६२ टक्के आणि बिडीवाल्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोकांनी सांगितलं. म्हणजे चित्रं, फलक, फेऱ्या यांनी आपलं काम केलं आहे. माणसाच्या मनात ते बसलं आहे. बिडी वाईट आहे हे न कळणारा माणूस मला तरी गेल्या दहा वर्षांत भेटलेला नाही. समाजमंदिरामागं बसलेल्या त्या तिघांनाही ते कळतं.

कार्यक्रम थांबतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर. त्याच पाहणीत, वर्षभरात डॉक्टरकडं किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडं गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांनाच कुणी सोडायचा सल्ला दिला होता. उरलेले निम्मे दवाखान्यात येऊन, छातीला नळी लावून घेऊन, गोळ्या घेऊन परत गेले. तुमचा सीबॅकचा, म्हणजे आजाराचा धोका गुणांत मोजायचा फॉर्म काढून बघा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला तुम्ही विचारता, तंबाखू रोज वापरतो म्हणाला की दोन गुण. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला पाठवायचं. मालकांचा फॉर्मही तुम्हीच भरला असेल. त्या दोन गुणांचं पुढं काय झालं हे विचारणारा रकाना त्यात कुठं आहे?

याचं उत्तर मला माझ्या एका चुकीतून मिळालं. एका केंद्रात असताना पन्नाशीचे एक गवंडी खोकला घेऊन आले. खिशात बंडल दिसत होतं. बाहेर रांग मोठी, मी घाईत. सगळ्यांसमोर मी त्यांना फाडफाड बोलले. ते "व्हय मॅडम" म्हणाले, चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि गेले. दोन महिन्यांनी त्यांची बायको बीपीच्या गोळ्यांना आली. तिनं सांगितलं, त्याच दिवशी घरी जाऊन त्यांनी बंडल चुलीत टाकलं होतं. नऊ दिवस बिडीला हात लावला नाही. पण संडासला साफ होईना, डोकं जड, झोप नाही, पोरावर हात उगारला. दहाव्या दिवशी ते मला विचारायला केंद्रावर आले होते. मी मीटिंगला गेले होते. खिडकीत बसलेल्यानं सांगितलं, "त्याला गोळी नसते, मन घट्ट करा." जाताना त्यांनी टपरीवरून बंडल घेतलं.

नऊ दिवस! त्या नऊ दिवसांची माझ्याकडं कसलीच नोंद नव्हती. माझ्या लेखी तो माणूस "सांगून ऐकत नाही" यातला होता. पाच वर्षांनी ते परत आले तेव्हा केंद्राच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबले.

त्यामुळं तुमच्या मालकांचे अकरा दिवस मला वाया गेलेले वाटत नाहीत. निकोटिन बंद झालं की सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो, मग तो उतरत जातो, आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा निवळतो. ते अकरा दिवस म्हणजे घाटाचा निम्म्याहून जास्त चढ चढून झाला होता. बाराव्या दिवशी काय झालं हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा विचारलंही नसेल. ते विचारा, पण चौकशीच्या सुरात नको. रात्री जेवणं झाल्यावर, सासूबाई झोपल्यावर : "त्या दिवशी नक्की कुठं होता, कोण होतं बरोबर?" माझा अंदाज सांगते. वडापचं काम म्हणजे वाट बघायचं काम. गाडी भरेपर्यंत स्टँडबाहेर उभं राहायचं, "ढेबेवाडी, ढेबेवाडी" ओरडायचं, दोन सीट कमी आहेत म्हणून अजून दहा मिनिटं, आणि शेजारच्या गाडीवाल्यानं काडी पेटवून हात पुढं केलेला. प्रत्येक फेरीला अशी वेळ येते. घरातलं बंडल तुम्ही लपवलंत तरी ही दहा मिनिटं तिथंच राहतात.

म्हणून त्या दहा मिनिटांची सोय आधी करायची. मेडिकलमध्ये निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर व्यसन पक्कं आहे असं समजायचं आणि ४ मिलिग्रॅमचं घ्यायचं, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. मालकांना हृदयाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे गम चॉकलेटच्या गमसारखं चावत राहिलं की घसा जळतो, उचकी लागते, आणि माणूस "हे काय कामाचं नाही" म्हणून थुंकून टाकतो. दहातले सात जण मी असेच बघितले. थोडं चावायचं, तोंडात चरचरायला लागलं की थांबायचं आणि गालाच्या आत दाबून ठेवायचं. चरचर गेली की पुन्हा थोडं चावायचं. असं अर्धा तास. तंबाखूची चिमूट दाढेत धरलेल्या आपल्या माणसांना हे एकदा दाखवलं की लगेच जमतं. आणि चहा पिऊन लगेच गम घ्यायचं नाही, मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर ते अंगात उतरत नाही. स्टँडवर चहा आणि बिडी जोडीनंच चालतात, त्यामुळं ही पंधरा मिनिटं त्यांना नीट समजावून सांगा. सुरुवातीला दिवसाला आठ-दहा लागतील, मग कमी करत तीन महिन्यांत बंद.

महाग पडतं म्हणतील. बंडलापेक्षा महाग पडतंच, हे खरं आहे, आणि मला याचा राग येतो. बिडी महाग झाली की लोक कमी ओढतात, हे जगभर दिसलेलं आहे; जगात कुठल्याही भाषणापेक्षा किमतीनं जास्त माणसांची सुटली आहे. असं असताना बिडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. निकोटिनचे उपचार मात्र २०२२ पासून देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तेव्हा तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं गम मागा. नसेल तर मागणी लिहून द्या. मासिक बैठकीत एकदा नाही, दर वेळी. जे कुणी मागत नाही ते साठ्यात येत नाही, हे मी मागणीपत्रकांवर सह्या करूनच शिकले.

आणि पोटाचं. हा विषय कुठल्याच पोस्टरवर नसतो, पण मी ऐकलेल्या दर तीन गोष्टींत एक तरी याची असते. सकाळची बिडी ओढल्याशिवाय साफ होत नाही असं पुरुष सांगतात आणि आपण हसतो. ते बहाणा करत नसतात. निकोटिन आतड्याला ढकलतं, ते थांबलं की काही आठवडे खरंच कुंथावं लागतं. हे आधीच सांगितलं असेल तर तिसऱ्या दिवशी माणूस घाबरत नाही. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, रात्री भाकरी आणि पालेभाजी, सकाळी गाडीला हात लावायच्या आधी थोडं चालणं. नाहीच झालं तर केंद्रातून रेचक घ्या. गवंड्यांना मी एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

दुसरं, फोन. १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर. सप्टेंबर २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर आणि बंडलावर छापायचा नियम आहे, म्हणजे मालकांच्या खिशात तो रोजच असतो. मंगळवार ते रविवार, सकाळी आठ ते रात्री आठ. मराठीत बोलणारी माणसं आहेत. ते उपदेश करत बसत नाहीत. सोडायची तारीख ठरवून घेतात आणि पुढं स्वतःहून परत फोन करून विचारतात, कसं चाललंय. मला यातलं हे परत फोन करणंच मोलाचं वाटतं. सल्ल्याची सोय जिल्हा रुग्णालयातही असते, पण साताऱ्याला जाऊन यायचं म्हणजे त्यांचा दिवसाचा धंदा बुडाला, तेव्हा आधी फोन. फक्त तो त्यांनी लावायचा, तुम्ही नाही. तुम्ही लावलात की ते काम तुमचं होतं. आणि तुमच्या वाडीत रेंज नसेल तर कराडात गाडी लावल्यावर, पहिली सीट बसायच्या आत.

जे गावात सुटी बिडी-सिगारेट घेतात त्यांना मात्र ना चित्र दिसतं ना नंबर. महाराष्ट्रात सुट्या विक्रीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, तरी टपरीवर बरणीतून एक-एक काढून मिळते हे तुम्हालाही माहीत आहे. टपरीवाल्याशी भांडण काढायला मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्हाला त्याच गावात राहायचं आहे. तो नंबर कागदावर मोठा लिहून उपकेंद्राच्या दारावर लावा, पुरुष रांगेत उभे राहतात त्या बाजूला.

मालकांशी बोलताना आशा म्हणून बोलू नका. ते काम केंद्रातल्या डॉक्टरांना करू द्या, फोनवाल्यांना करू द्या. बंडलं मोजणं, खिसे तपासणं, सासरी चारचौघांत विषय काढणं बंद करा. एकच गोष्ट मागा : गाडीत बिडी नको. सार्वजनिक वाहनात ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, २०० रुपये दंड आहे, आणि मागं बायाबापड्या नि शाळेची पोरं बसलेली असतात. गाडी तेवढी मोकळी झाली तरी दिवसातले कितीतरी तास आपोआप बिनबिडीचे जातात. आणि एवढंच सांगा की ब्रिटनमध्ये पन्नास वर्षं डॉक्टरांच्याच आयुष्याची नोंद ठेवली, त्यात चाळिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना ओढत राहणाऱ्यांच्या मानानं सरासरी नऊ वर्षं जास्त मिळाली. पन्नाशीत सोडली त्यांना सहा. तुमचे मालक ४१ चे आहेत. बिडी पानाची असते म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, असं ते म्हणाले तर तसं अजिबात नाही.

एक सावधगिरी. बिडी सुटली आणि हातावर चुना-तंबाखू आली, असं होऊ देऊ नका. २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या राज्यात धूर काढणारे ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे, दात घासणारे २४.४ टक्के होते. आपला खरा आजार तोंडात आहे.

म्हणूनच सासूबाईंच्या मशेरीबद्दल मालक बोलतात ते मला उडवून लावण्यासारखं वाटत नाही. तव्यावर तंबाखू भाजताना घरभर होणारा तो ठसका त्यांनी लहानपणापासून घेतला आहे. आईचं चालतं आणि माझं नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. सासूबाईंना तोंड उघडून दाखवायला एकदा केंद्रावर न्या, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का ते डॉक्टर बघतील. तीस वर्षांची मशेरी एका दिवसात जाणार नाही. दिवसातून चार वेळा लावत असतील तर दुपारची एक आधी सोडायला सांगा. आणि आईनं दुपारची सोडली हे मालकांच्या कानावर पडू द्या, तुमच्या तोंडून नव्हे, सासूबाईंच्याच तोंडून.

राहिलं तुमचं काम. पुढच्या ३१ मेची वाट बघू नका. फेरीही काढा, शपथही घ्या, पण शपथ घेतलेल्यांतल्या चार जणांची नावं वहीत लिहा. चारच. त्यात एखादा टीबीचा पेशंट असेल तर तो पहिला, कारण ओढणाऱ्याला टीबीचा धोका दुपटीहून जास्त असतो आणि औषधापायी तुम्ही त्याच्या दारात जाताच. तिसऱ्या दिवशी जा, दहाव्या दिवशी जा, महिन्यानं जा. जाऊन एवढंच विचारायचं : झोप कशी आहे, पोट कसं आहे, काल कुठल्या वेळी फार वाटली? पुन्हा ओढली असेल तर तोंड वाकडं न करता नवी तारीख लिहायची. बहुतेकांची पहिल्या झटक्यात सुटत नाही, बरेच प्रयत्न लागतात, आणि तोपर्यंत त्यांना तुमच्याकडं यायला लाज वाटता कामा नये.

मालकांचं नाव त्या चारांत घालू नका. ते तुमच्या मैत्रिणीच्या, शेजारच्या वाडीतल्या आशाताईच्या वहीत घाला, आणि तिच्या घरचं कुणी असेल तर तुमच्या.

त्यांनी तारीख ठरवली की मला कळवा. त्यानंतर तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी एकेक ओळ लिहा, बिडी पुन्हा पेटली असली तरी लिहा.